खांद्यावरचा टॉवेल

“हात माझा असला म्हणून काय झालं, ताई? तो कवा वर करायचा ते भावजी ठरवत्यात,” असं म्हणून धोंडाबाई ढेब्यांनी चहाची बशी दोन्ही हातांनी तोंडाशी नेली.

जिल्हा परिषदेच्या कँटीनमध्ये त्या सकाळी नेहमीपेक्षा जास्त कालवा होता. सर्वसाधारण सभेला अजून थोडा अवकाश होता आणि तेवढ्यात मला एक मत मिळवायचं होतं.

“मावशी, आजचा विषय तुमच्याच गावांचा आहे,” मी म्हणाले. “लाँच बंद करायचा ठराव येतोय. आज तरी गॅलरीकडे बघू नका.”

“बघू नको तर काय करू? डोळं झाकून बसू?”

शेजारच्या टेबलावरचे दोन सदस्य हसले. त्यांतला एक माझ्याकडे वळून म्हणाला, “संकपाळ मॅडम, ढेबेबाईंचं बटण वर गॅलरीत आहे. इथं खाली दाबून दिवा लागायचा नाही.”

धोंडाबाईही हसल्या. हसताना त्या पदराने तोंड झाकून घेत, त्यामुळे त्या नेमक्या कुणाला हसताहेत हे कळायला मार्ग नसे.

त्यांच्या हाताची गोष्ट साऱ्या परिषदेला ठाऊक होती. पाण्यापलीकडच्या गावांची जागा महिलांसाठी राखीव झाली, तेव्हा तिथून उभं राहायची तयारी करून बसलेल्या कोंडिबा ढेब्यांनी आपल्या विधवा वहिनीला अपक्ष म्हणून उभं केलं आणि निवडूनही आणलं. सदस्यांच्या नातेवाइकांना सभागृहात बसता येत नाही. म्हणून कोंडिबा प्रेक्षकांच्या गॅलरीत पुढच्या बाकावर बसत. त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला की धोंडाबाईंचा हात वर, मांडीवर घेतला की हात खाली. निवडून आल्यापासून त्या सभेत एक अक्षर बोललेल्या नव्हत्या.

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसत असे. माझा मतदारसंघ पाण्याच्या अलीकडचा. सोनगंगा धरणाचं पाणी चढलं तेव्हा खोरं मधोमध बुडालं आणि कारंबळी, नावली वगैरे गावं पलीकडच्या डोंगराला चिकटून राहिली. त्यांच्यासाठी परिषदेची एक लाँच होती. सकाळ-संध्याकाळ तिची ठरलेली फेरी असे. मधे कुणाला गरज पडली तर काठावर उभं राहून पांढरं फडकं दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरायचं, म्हणजे लाँच असेल तिथून तोंड वळवून येई. पलीकडची माणसं बोलतानाही तसंच बोलत. ‘पवारांकडं काल फडकं धरलं’ म्हटलं की कुणीतरी अत्यवस्थ होतं, हे निराळं सांगावं लागत नसे.

आता धरणाच्या भिंतीवरून पलीकडे जाणारा रस्ता झाला होता. लाँच जुनी आहे, तोट्यात आहे, तिच्याऐवजी त्या गावांसाठी ठेक्याने एक जीप ठेवावी, असा प्रस्ताव अध्यक्ष दौलतराव बर्ग्यांनी आणला होता. कागदावर तो निर्दोष होता. रस्ता डोंगराला मोठा वळसा घालून जातो आणि पावसाळ्यात दरडी कोसळून बंद पडतो, हे प्रस्तावात नव्हतं. आमच्या बाजूचे आणि त्यांच्या बाजूचे हात आम्ही पुनःपुन्हा जुळवून पाहिले होते. पारडं धोंडाबाईंपाशी येऊन थांबत होतं.

“जीप कुणाला मिळणार आहे, मावशी?”

“भावजींना म्हणं. अध्यक्षांनी सबूद दिलाय.” त्यांनी बशी खाली ठेवली. “दाराम्होरं जीप हुभी ऱ्हाईल, वैनी, तुमास्नी पुढं बसवीन, म्हणत व्हतं.”

“आणि तुम्हाला काय वाटतं?”

त्या अगदी दुसरंच काहीतरी सांगत असल्यासारख्या म्हणाल्या, “औंदाच्या पावसात आमच्या रखमाला पान लागलं. भावजींची बायकू, माझी धाकली जाऊ. गवत कापाया गेल्ती, साप दिसला न्हाई. भावजी हिकडं अध्यक्षांकडं आल्यालं. म्या काठावर फडकं धरून हुभी. वारा असा, की फडक्यासंगं मीच उडून जात्ये का काय! पर लाँच वळली. दवाखान्यातला डागदर म्हणला, आजी, आणखी वाईच उशीर झाला असता तर घेऊन आला नसता तरी चाललं असतं.”

“मग हेच सभेत सांगा ना!”

“आन् काय! रखमाचं दुखणं त्या एवढ्या बाप्यांम्होरं मांडू? तिला काय वाटंल?”

तालुक्याच्या कॉलेजात मी काही वर्षं राज्यशास्त्र शिकवलं होतं. लोकप्रतिनिधीची कर्तव्यं मला पाठ होती; पण जावेची लाज राखणं हे त्यांत कुठे बसतं, हे मी कधी शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात आमच्या गटाचे नेते होवाळ सर आले. त्यांनी मला खूण करून बाजूला घेतलं.

“काम होतंय,” ते हळूच म्हणाले. “सदस्यांच्या नातेवाइकांनी गॅलरीतून खाणाखुणा करायच्या नाहीत, असा नियम आहे. सभा सुरू झाली की मी हरकत घेणार. कोंडिबा बाहेर, आणि बाई मोकळ्या!”

“मोकळ्या होतील, सर?”

“म्हणजे? दावं कापल्यावर आणखी काय होतं?”

“त्या काही दावणीची गाय नाहीत.”

“मग काय आहेत?” सरांनी घड्याळाकडे पाहिलं. “हेमलताबाई, तुम्हाला लाँच वाचवायची आहे की वाद घालायचा आहे?”

मला लाँच वाचवायची होती.

सभागृहात शिरताना मी वर पाहिलं. कोंडिबा ढेबे नेहमीच्या जागी बसले होते. कडक इस्त्रीचा सदरा, मांडीवर घडी घातलेला पांढरा टॉवेल. गॅलरीच्या मागच्या बाकांवर कारंबळीची दहा-पंधरा माणसं बसली होती. सकाळच्या लाँचने येऊन, पुढे एस.टी. पकडून ती आली होती. त्यांच्यात एक किडकिडीत बाई होती. एका पायाच्या घोट्यावर काळसर डाग होता आणि तो पाय तिने दुसऱ्या पायामागे घेतला होता. ती रखमा असावी, हे मी ओळखलं. कोंडिबांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

लाँचचा विषय पुकारला जाताच होवाळ सर उठले. त्यांनी नियम वाचला, गॅलरीकडे बोट दाखवलं. सभागृहात हशा पिकला. अध्यक्षांचा चेहरा उतरला. पण पत्रकार समोर बसले होते आणि नियम नियम होता.

“ढेबे, जरा बाहेर चहा घ्या,” ते नाइलाजाने म्हणाले.

कोंडिबा उठले. टॉवेल हातात धरून ते बाकांमधून वाट काढत निघाले. दाराशी त्यांनी वळून खाली आपल्या वहिनीकडे पाहिलं, पण सगळे त्यांच्याकडेच पाहत असल्यामुळे त्यांना काही करता आलं नाही. दार लागलं. धोंडाबाई त्या रिकाम्या बाकाकडे पाहत राहिल्या.

चर्चा झाली. मी बोलले. दरडींबद्दल, बाळंतिणींबद्दल, शाळेच्या मुलांबद्दल बोलले. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“संकपाळताई, तुमचं मन मोठं आहे,” ते म्हणाले. “पण कारभार मनावर चालत नाही. आज लाँच ठेवा म्हणाल, उद्या माझ्या तालुक्यात टांगा ठेवा म्हणतील. जग रस्त्याने चाललंय. हात वर करून मत घेऊ. ठरावाच्या बाजूने?”

हात वर झाले. सभेचे सचिव एकेका रांगेवरून बोट फिरवत मोजू लागले. मी शेजारी पाहिलं. धोंडाबाईंचे दोन्ही हात मांडीवर होते.

समोरच्या रांगेतून होवाळ सरांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. बघा, मोकळ्या झाल्या!

“विरोधात?”

आम्ही सर्वांनी हात वर केले. मी पुन्हा शेजारी पाहिलं. धोंडाबाईंचे हात अजून मांडीवरच होते.

“मावशी,” मी कुजबुजले, “हात! आता वर करायचा.”

त्यांची नजर हलली नाही.

“मावशी, ऐका. लाँच राहू दे असं वाटत असेल तर आत्ता हात वर करा. नंतर उपयोग नाही.”

“खांदा कुठं हाय?” त्या पुटपुटल्या.

तेव्हा मला आमची चूक कळली. खूण नाही म्हणजे हात नाही, या सवयीत ना ठरावाला जागा होती, ना विरोधाला. आम्ही कोंडिबांना बाहेर काढलं होतं आणि त्यांच्याबरोबर आमचं मतही बाहेर गेलं होतं. सचिवांनी अध्यक्षांच्या कानाशी लागून काही सांगितलं. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर हसू उमटलं. मतं समसमान झाली होती, आणि अशा वेळी निर्णायक मत अध्यक्षांचं असतं.

गॅलरीतल्या कारंबळीकरांना हे गणित कळलं नव्हतं. आपल्या बाजूचे सदस्य गप्प का झाले, हे पाहायला ते पुढे वाकले होते.

“दोन्ही बाजूंना सारखीच मतं पडलेली आहेत,” अध्यक्ष म्हणाले. “तेव्हा अध्यक्ष म्हणून माझं मत मी ठरावाच्या...”

“वाईच थांबा.”

आवाज माझ्या शेजारून आला होता. धोंडाबाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा आवाज सभागृहाने पहिल्यांदाच ऐकला. कुणीतरी “अरे वा!” म्हणालं आणि मागच्या रांगेत खसखस पिकली.

“बोला, ढेबेबाई,” अध्यक्ष म्हणाले.

“म्या मत दिल्यालं न्हाई.”

“मग का नाही दिलंत? विचारलं होतं की.”

“देणार कशी? माझं भावजी न्हाईत जाग्यावर.” त्यांनी रिकाम्या बाकाकडे हात केला. “निवडून आल्यापासनं म्या त्यांच्या खांद्याकडं बघून हात वर करत्ये. समद्यांला ठावं हाय ते. आज तुमी खांदाच भाईर काढलाय. मग म्या कुणाकडं बघू?”

सभागृह खदखदून हसलं. पत्रकार माना खाली घालून लिहू लागले. मला कुठे तोंड लपवू असं झालं. स्त्रियांच्या आरक्षणावर मी केलेली सगळी भाषणं त्या हसण्याखाली चेंगरत होती.

“बसा, मावशी,” मी त्यांचा पदर हलकेच ओढला.

त्यांनी पदर सोडवून घेतला. “भावजींना बलवा. ते आल्याबिगर माझा हात वर होनार न्हाई.”

होवाळ सर तडकून उठले. “अध्यक्षमहोदय, हे नियमबाह्य आहे! मतदान संपलेलं आहे.”

“निकाल जाहीर होईपर्यंत सदस्याला मत देता येतं,” सचिव खालच्या आवाजात म्हणाले.

अध्यक्ष खुर्चीत मागे रेलले. त्यांना आता निर्णायक मताची गरज नव्हती. कोंडिबा त्यांचा माणूस होता. स्वतःच्या मताने लाँच बंद करण्यापेक्षा पलीकडच्याच सदस्येच्या हाताने ती बंद झालेली कोणत्याही राजकारण्याला बरी. “सन्माननीय सदस्यांची अडचण खरी आहे,” ते हसू दाबत म्हणाले. “घेतलेली हरकत आपण क्षणभर बाजूला ठेवू. शिपाई, ढेब्यांना बोलवा.”

कोंडिबा आले. बाहेर त्यांना कुणीतरी सगळं सांगितलं असावं, कारण ते हसतच आत शिरले आणि मिरवल्यासारखे आपल्या जागेवर जाऊन बसले. टॉवेल मांडीवर होता.

“भावजी, हुभं ऱ्हावा,” धोंडाबाई खालून म्हणाल्या. “हितनं मला नीट दिसत न्हाई.”

पुन्हा हशा. कोंडिबा उभे राहिले.

“हे इचारत्यात, लाँच बंद करायची का.” त्यांचा आवाज चढला नव्हता. शेजारणीशी बोलावं तशा त्या बोलत होत्या. “तुमी सांगाल तसं म्या करीन. आजपातुर कधी इरोध केला न्हाई, आजबी करायची न्हाई. बंद करायची असली तर टाका टावेल खांद्यावर. पर समद्यांला दिसंल असा टाका. मागं आपली मानसं बसल्यात. त्येंलाबी दिसू द्या.”

हशा थांबला.

कोंडिबांचा हात टॉवेलवर होता. इतकी वर्षं ती खूण फक्त दोघांमधली होती, निदान तसं समजून ते वागत होते. आता सारं सभागृह, अधिकारी, पत्रकार त्या टॉवेलकडे पाहत होते. त्यांनी वळून मागे पाहिलं नाही. पण मागे बाक सरकल्याचा आवाज झाला. कारंबळीची माणसं एकेक करून उभी राहत होती. रखमा सर्वांत शेवटी उठली. कठड्याला धरून ती उभी राहिली आणि दुखरा पाय तिने पुढे घेतला.

“ढेबे, लवकर करा,” अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या आवाजातला मऊपणा गेला होता. “सभेचा वेळ जातोय.”

“मी... मी काय सदस्य न्हाई, साहेब,” कोंडिबा अडखळले. “वैनी, तुमाला काय वाटंल ते करा की.”

“मला कवा काय वाटायला लागलं, भावजी?” धोंडाबाई म्हणाल्या. “तुमी सांगा.”



अध्यक्षांनी सचिवांकडे पाहिलं, मग घाईने विचारलं, “सन्माननीय सदस्या, ठरावाच्या बाजूने?”

धोंडाबाईंनी दिराकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. कोंडिबांच्या बोटांनी टॉवेलची घडी आवळून धरली होती. त्यांचा हात थोडा वर आला. तो हात छातीपर्यंत आला, तिथे थबकला आणि पुन्हा खाली गेला. टॉवेल कमरेपाशीच राहिला.

धोंडाबाईंचा हात खालीच होता.

“विरोधात?”

आता अध्यक्ष सरळ कोंडिबांकडे पाहत होते. जीपचा सगळा व्यवहार त्या नजरेत होता. कोंडिबांनी ती नजर टाळली. त्यांनी मान वळवली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मागे पाहिलं. रखमाने काही खूण केली नाही. ती नुसती उभी होती.

कोंडिबांनी टॉवेल झटकला आणि खांद्यावर टाकला.

धोंडाबाईंचा हात वर गेला. हिरव्या बांगड्या नसलेला, काळवंडलेला, कोपरापर्यंत गोंदलेला तो हात. सचिवांनी आकडा सांगेपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही.

पुढे त्या पाण्यावर पूल झाला. लाँच आता काठावर ओढून ठेवलेली आहे आणि तिच्यात कुणाच्या तरी कोंबड्या बसतात. पण पूल होईपर्यंतचे सगळे पावसाळे ती चालली. कोंडिबांना जीप मिळाली नाही. धोंडाबाई पुन्हा कधी निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत. मी नंतर खूप सभा पाहिल्या, काहींचं अध्यक्षस्थानही मला मिळालं. तरी सभागृहात हात वर झाले, की मला आधी आठवते ती त्या दिवसाची संध्याकाळ.

सभा संपल्यावर मी, धोंडाबाई आणि कोंडिबा एकाच एस.टी.ने परतलो. कारंबळीची माणसं आधीच्या गाडीने गेली होती. रखमाही नवऱ्यासाठी थांबली नव्हती. गाडीत वहिनी एका बाकावर, दीर चार बाकं सोडून मागे. मी एकदा विचारलं, “मावशी, हे सगळं तुम्ही आधीच ठरवलं होतं का?”

“काय ठरवायचं त्यात?” त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. “दाल्ला गेल्यावर भावजींनीच घर सांबाळलं. त्यांचा सबूद म्या कसा मोडीन?” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “पर सबूद द्यायचा तर चारचौघांत द्यावा मानसानं.”

धक्क्यावर उतरलो तेव्हा लाँच सुटून गेली होती. मावळतीच्या उजेडात ती पाण्याच्या मध्यावर दिसत होती, टपावर बसलेल्या माणसांसकट. हाक पोचण्यासारखी नव्हती. पुढची फेरी थेट सकाळी.

“माझ्याकडे राहा,” मी दोघांना म्हणाले. “घर जवळच आहे.”

धोंडाबाई पाण्याकडे पाहत होत्या. कोंडिबा आमच्यापासून लांब, धक्क्याच्या कडेला उभे होते. मग ते चालत आले. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी काढला, उलगडला आणि वहिनीपुढे धरला.

“धरा, वैनी.”

त्यांनी तो घेतला. दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून त्या धक्क्याच्या टोकाशी जाऊन उभ्या राहिल्या. वारा सुटला होता. टॉवेल फडफडत होता, त्यांचे हात लटपटत होते. लाँच आपल्या वाटेने जातच होती.

“हात भरून आलं, भावजी,” त्या मागे न वळता म्हणाल्या. “एक टोक तुमी धरा.”

कोंडिबा पुढे झाले आणि त्यांनी दुसरं टोक धरलं. टॉवेल दोघांच्या मधे ताठ झाला. लाँचच्या टपावर कुणीतरी उभं राहिलं, या बाजूला हात दाखवू लागलं, आणि हळूहळू लाँचने तोंड वळवलं.